पेटीतल्या बाळासाठी गावे कसे?

१७ नोव्हेंबर हा दिवस जगभर मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांसाठी पाळला जातो. त्या निमित्ताने या सदराकडे आलेली बरीच पत्रे यंदा एकाच विषयावर आहेत: अतिदक्षता कक्षातल्या बाळाला संगीताचा उपयोग होतो का, आणि होत असेल तर आई-वडिलांनी नेमके काय करावे. भारतात २०२० या एका वर्षात सुमारे ३० लाख बाळे गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली, तेव्हा हा प्रश्न मोजक्या घरांपुरता नाही. मी नवजात बालकांवर उपचार करणारी डॉक्टर आहे, संगीतोपचारक नाही; माझी उत्तरे कक्षातला अनुभव आणि प्रसिद्ध झालेले अभ्यास यांच्या आधाराने दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन ११८० ग्रॅम. गेले सोळा दिवस ती पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) आहे आणि तिला नळीने दूध देतात. मला दिवसातून दोनदा आत जाऊ देतात, पण पेटीशेजारी उभी राहिले की काय बोलावे ते सुचत नाही. एका नातेवाइकांनी सांगितले की तिच्यासाठी गा, त्याला संगीतोपचार म्हणतात. माझा आवाज चांगला नाही; शाळेत बाईंनी मला समूहगीतातून बाहेर बसवले होते. गाण्याने खरेच फरक पडतो, की ते नुसते आईचे समाधान? — एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य आधी घेते. समाधानाला तुम्ही ‘नुसते’ म्हटले आहे, पण पेटीशेजारी उभ्या असलेल्या आईचे समाधान ही बाळाच्या उपचारातली किरकोळ गोष्ट नव्हे, कारण जिचा जीव थोडा थाऱ्यावर आला आहे ती आई जास्त वेळ थांबते, बाळाला छातीशी घ्यायला कचरत नाही आणि तिला पान्हाही बरा फुटतो.

आता आवाजाविषयी. बाळाचा अंतर्कर्ण साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागतो, म्हणजे तुमची मुलगी जन्मापूर्वीचे चार-पाच आठवडे तुम्हाला ऐकत होती. बाहेरचे आवाज पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून गाळून आत जातात. त्यातले उंच, तीव्र आवाज बरेचसे अडतात आणि खालचे, घुमणारे पोहोचतात. आईचा आवाज मात्र तिच्या हाडामांसातूनही थेट आत उतरतो. शब्द कळण्याचे ते वय नाही आणि सूर शुद्ध आहे की नाही हेही बाळ पाहत नाही. त्याच्या ओळखीचा असतो तो बोलण्याचा हेल, म्हणजे तुम्ही कुठे थांबता, कुठे आवाज चढवता, वाक्य संपताना तो कसा उतरतो. तुमचा हेल तुमच्या मुलीच्या कानात आधीच बसला आहे. बाईंनी तुमच्या आवाजात जे तपासले होते ते वेगळे, आणि तुमची मुलगी जे ऐकते ते वेगळे.

याला अभ्यासाचा आधार आहे, तोही सांगते. बोस्टनमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ ते ३२ आठवड्यांदरम्यान जन्मलेली ४० बाळे होती. त्यांतल्या एका गटाला रोज तीन तास स्वतःच्या आईचा आवाज आणि तिच्या हृदयाचे ठोके, पोटात असताना ऐकू यावेत तसे मऊ करून, ऐकवले गेले; महिन्याभराने केलेल्या मेंदूच्या सोनोग्राफीत या बाळांचा श्रवणाशी संबंधित भाग दुसऱ्या गटापेक्षा मोठा आढळला. अशी बाळे पुढे अधिक हुशार होतात, असा अर्थ त्यातून काढू नये. तसे त्या अभ्यासाने दाखवलेले नाही. इटलीतल्या ऑस्ता येथे २० बाळांवर झालेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास मला रोजच्या कामात जास्त जवळचा वाटतो. बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्त घेताना आई जवळ बसून बोलत असेल, तर बाळात वेदनेची चिन्हे कमी दिसली आणि त्याच्या लाळेतले ऑक्सिटोसिन, म्हणजे जवळिकीशी जोडलेले संप्रेरक, वाढले. या बाळांच्या टाचेला सुई किती वेळा टोचावी लागते, हे तुम्ही सोळा दिवसांत पाहिलेच असेल.

प्रत्यक्षात करायचे ते असे. हात धुऊन, कोरडे आणि कोमट करून आत घाला. एक हात डोक्यावर टोपीसारखा ठेवा आणि दुसऱ्या हाताने दुमडलेले पाय हलकेच धरा. चोळू नका, थोपटू नका, हात स्थिर ठेवा. मिनिटभर काहीच बोलू नका. मग तिला नावाने हाक मारा, नाव ठेवले नसेल तर पोटात असताना ज्या नावाने बोलत होता त्या नावाने. नंतर तोंड मिटून एखादी चाल गुणगुणा. ती स्वस्थ राहिली तर तीच ओळ शब्दांसह, तिचा श्वास चालतो त्याहून बऱ्याच संथ लयीत, पुन्हा पुन्हा म्हणा. नवी ओळ घेण्याची घाई नको. पाच-दहा मिनिटे पुरतात.

हे करताना डोळे मॉनिटरवर न ठेवता तिच्यावर ठेवा. बोटे पंख्यासारखी ताठ पसरणे, कपाळाला आठी पडणे, पुन्हा पुन्हा जांभई किंवा उचकी येणे, पाठ ताणली जाणे, ओठांभोवतीचा रंग बदलणे या खुणा ‘आता पुरे’ असे सांगतात. आवाज थांबवा, हात तसाच राहू द्या, आणि रंग उतरला किंवा मॉनिटरची घंटी वाजली तर सिस्टरांना हाक मारा. मूठ सैल होणे, हात तोंडाकडे जाणे, ओठांची चोखल्यासारखी हालचाल होणे या खुणा दिसल्या तर तिला ते मानवते आहे. एखाद्या दिवशी ती पहिल्याच ओळीला कपाळाला आठ्या घालेल; तो दिवस फक्त हात ठेवण्याचा. तुमचे गाणे तिला नकोसे झाले आहे असे मुळीच मनात आणू नका.

तिला छातीशी घेण्याची, म्हणजे कांगारू पद्धतीची परवानगी मिळाली की गुणगुणणे त्या वेळी करा. तुमच्या उरोस्थीतून होणारी थरथर तिच्या गालाला लागेल, आणि यापेक्षा चांगली जागा संगीताला मिळायची नाही.

प्रश्न : आमचा मुलगा २९ आठवड्यांचा जन्मलेला आहे. पत्नी अजून दुसऱ्या रुग्णालयात दाखल आहे. गरोदरपणात ती ऐकत असलेले मंत्र आणि वाद्यसंगीत माझ्या मोबाईलवर आहे. ते पेटीत हळू आवाजात लावून ठेवू द्यावे, एवढीच माझी विनंती आहे, पण सिस्टर ऐकत नाहीत. तुम्ही शब्द टाकाल का? — एक वडील, नाशिक

उत्तर : तुमची तळमळ मला समजते, तरीही मी शब्द टाकणार नाही, कारण सिस्टरांचे बरोबर आहे. मोबाईल ही आपल्याजवळच्या अस्वच्छ वस्तूंपैकी एक असते, हे पहिले कारण. दुसरे कारण आवाजाचे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ मध्येच नवजात शिशू कक्षातला आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवावा असे सुचवले आहे, आणि पंप, घंट्या, फोन, माणसांचे बोलणे यांमुळे बहुतेक कक्ष ही मर्यादा आधीच ओलांडतात. पेटीच्या कठीण भिंतींत आवाज घुमतो. तिच्या छतावर कोणी स्टीलची वाटी ठेवली किंवा हात न धरता झडप सोडली, तरी आतल्या बाळाला ते मोठ्या दणक्यासारखे लागते. बाहेरून ‘हळू’ वाटणारा मोबाईल आत हळू राहत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे बाळाने कपाळाला आठी घातली, तर मोबाईलला ती दिसत नाही. बोस्टनच्या अभ्यासातही आवाज ध्वनिमुद्रित होता हे खरे, पण त्याची पातळी मोजून, ठरावीक वेळ आणि कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली तो दिला जात होता.

पत्नी येईपर्यंत तुम्ही स्वतः आहात. काही वर्षांपूर्वी आमच्या कक्षात एसटीत वाहक असलेले एक वडील येत. आपल्याला गाणे येत नाही, बाळाशी लाडे लाडे बोलणेही जमत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी म्हटले, जे रोज तोंडात असते तेच हळू म्हणा. त्यांनी पेटीच्या खिडकीतून हात आत घातला आणि खालच्या आवाजात सुरुवात केली: स्वारगेट, कात्रज, शिवापूर, शिरवळ, सुरूर, भुईंज, सातारा. मग परतीचा प्रवास. प्रत्येक नाव वाहकाच्या सवयीने थोडे लांबवलेले, शेवटी उतरते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती नावे सुरू झाली की बाळाची मूठ त्यांच्या करंगळीभोवती सैलावलेली मी स्वतः पाहिली आहे. एका बाळावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला माहीत आहे. तरी पुढे बाळाला दूध पाजताना, अंग पुसताना तेच वडील न बिचकता पुढे येऊ लागले, ही गोष्ट मला त्या मुठीइतकीच महत्त्वाची वाटते.

प्रश्न : मी निवृत्त संगीत शिक्षक आहे. मुदतपूर्व बाळांसाठी कोणता राग सर्वांत गुणकारी आहे? आमच्या गावातल्या रुग्णालयात विनामूल्य सेवा देण्याची माझी इच्छा आहे. — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : अमुक रागाने प्राणवायू वाढतो, तमुक रागाने वजन वाढते, असे दावे करण्याजोगा पुरावा माझ्या पाहण्यात नाही, आणि जो पुरावा आहे तो आपण प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये या विषयावरच्या २५ चाचण्यांचा, म्हणजे १५३२ बाळांचा आणि ६९१ पालकांचा, एकत्र आढावा घेतला. संगीताने किंवा गायन-बोलण्याने रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण वाढत नाही, श्वसनाच्या गतीत बहुधा फरक पडत नाही. हृदयाची गती मात्र कमी होते आणि हा परिणाम संगीत थांबल्यानंतर अधिक स्पष्ट दिसतो. कोणत्याही अपायाची नोंद आढळली नाही. नॉर्वेतल्या संशोधकांच्या पुढाकाराने नॉर्वे, पोलंड, इस्रायल, अर्जेंटिना आणि कोलंबिया या पाच देशांत दोनशेहून अधिक बाळांवर झालेल्या मोठ्या चाचणीत, सहा महिन्यांनी आई आणि बाळ यांच्यातल्या जवळिकीत संगीतोपचारामुळे लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. हे वाचून मला वाईट वाटले होते. तरी ते वाचकांपासून लपवणे योग्य नाही.

तुम्हाला एक गोष्ट नक्की आवडेल. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयासाठी आंद्रेयास फोलेनवायडर या स्विस हार्पवादक संगीतकाराने बाळांसाठी खास रचना केल्या. कोणत्या वाद्याला बाळे कसा प्रतिसाद देतात हे आधी एका अनुभवी परिचारिकेच्या मदतीने पाहिले गेले, आणि सर्वांत जास्त प्रतिसाद मिळाला तो आपल्याकडच्या गारुड्याच्या पुंगीला. मग हार्प, घंटांचा नाद आणि पुंगी एकत्र करून जागे होताना, जागेपणी आणि झोपताना अशा वेळांसाठी आठ-आठ मिनिटांच्या रचना बांधल्या गेल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमआरआय तपासणीत, ते संगीत ऐकलेल्या बाळांच्या मेंदूतली काही जोडणी पूर्ण दिवसांच्या बाळांशी अधिक मिळतीजुळती दिसली. यावरून कोणी पुंगी घेऊन कक्षात जाऊ नये. पण वाद्य कोणते चालेल हे बाळाला विचारून ठरवले गेले, ही रीत मला फार मोलाची वाटते.

तुमची सेवा कक्षाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांना अधिक उपयोगी पडेल. त्यांच्याच घरातली चाल घ्या, मग तो पाळणा असो, जात्यावरची ओवी असो की शेतात म्हणतात ते काही असो, आणि ती बाळासाठी कशी सोपी करायची ते दाखवा: चार-पाच स्वरांतच फिरणारी, मध्य सप्तकाच्या खालच्या बाजूला राहणारी, मुरकी आणि तान नसलेली, संथ दादऱ्यात झुलणारी. न्यूयॉर्कमधल्या संगीतोपचारक जोॲन लोवी हेच करतात. आई-वडिलांनी आपले असे एक गाणे निवडायचे, मग ते कोणत्याही प्रकारचे असो, आणि उपचारक त्यांच्याबरोबर बसून ते अंगाईच्या लयीत आणतात. ज्या शिक्षकाने आयुष्यभर शुद्धतेचा आग्रह धरला, त्याला बेसूर गुणगुणणाऱ्या आईला न दुरुस्त करता ऐकून घेणे अवघड जाईल. तेवढी तयारी मात्र ठेवावी लागेल.

प्रश्न : मी जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे. परदेशात संगीतोपचारासाठी वेगळी वाद्ये वापरतात असे वाचले. आमच्याकडे निधी नाही. काय सुरू करता येईल? — एक सिस्टर, विदर्भ

उत्तर : तुम्ही वाचलेली वाद्ये बहुधा लोवी यांच्याच २०१३ च्या अभ्यासातली असावीत. त्यात ११ कक्षांतली २७२ बाळे होती, सर्व ३२ आठवडे किंवा त्याहून मोठी. एक वाद्य चपटे, गोल आणि आत धातूचे बारीक मणी असलेले; ते हलके कलते केले की गर्भाशयातल्या सळसळीसारखा आवाज येतो आणि तो बाळाच्या श्वासाशी जुळवून वाजवतात. दुसरी लाकडी पेटी, बोटांनी ठोक्यासारखी वाजवायची. तिसरे म्हणजे आई-वडिलांच्या पसंतीची अंगाई. सळसळीने झोपेत फरक पडला, लाकडी पेटीच्या ठोक्याने चोखण्यात. पालकांच्या पसंतीच्या अंगाईने चोखणे आणि दूध पिणे दोन्ही सुधारले, आणि पालकांना जाणवणारा ताणही कमी झाला. यातली वाद्ये प्रशिक्षित माणसाच्याच हातात असावीत, कारण अवघे कौशल्य बाळाच्या श्वासाकडे पाहून थांबण्यात आहे. अंगाईला मात्र निधी लागत नाही.

सुरुवात मी तुमच्या जागी असते तर शांततेपासून केली असती. घंट्यांचा आवाज सुरक्षित असेल तितका खाली आणणे, पेटीची झडप दोन्ही हातांनी बंद करणे, खुर्च्यांच्या पायांना रबर लावणे, ड्युटी बदलतानाचे बोलणे पेट्यांपासून दूर नेणे आणि दुपारी एक तास दिवे मंद करून अनावश्यक कामे थांबवणे, एवढे जमले तर आयांच्या गुणगुणण्याला जागा मिळते. कर्कश कक्षात गाणे म्हणजे कोलाहलात आणखी भर.

दुसरे, आयांना आत येऊ द्या. केंद्र सरकारने २०१७ मध्येच कुटुंबाच्या सहभागाने नवजात शिशूंची काळजी घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. वरिष्ठांशी बोलताना त्यांचा आधार घ्या. कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तीही पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच बाळाला छातीशी दिले गेले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. एवढा फरक पाडणारे संगीत अजून कोणी दाखवलेले नाही. म्हणून आधी छातीशी धरणे, आणि गुणगुणणे त्याच्या सोबतीने.

प्रश्न : आमचे बाळ आता घरी आले आहे. टाळी वाजवली तरी दचकत नाही. कक्षात कानाची ओएई तपासणी (अंतर्कर्णाचा प्रतिसाद मोजणारी) ‘पास’ झाली होती. काळजी करावी का? — आजी, ठाणे

उत्तर : टाळीची परीक्षा घेत बसू नका, बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानापासून मेंदूकडे पोहोचतो का हे पाहणारी तपासणी, करून घ्या. जी बाळे पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता कक्षात राहिली त्यांना एकटी ओएई पुरत नाही, कारण कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गातला दोष त्यात सुटू शकतो. हे पुढे ढकलू नये. श्रवणदोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याचे निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावा, असा संकेत आहे. तपासणी होईपर्यंत नातवंडाला मांडीवर घेऊन गाणे चालू ठेवा. आवाज कानाने पोहोचो न पोहोचो, तुमच्या छातीची थरथर पोहोचते.

प्रश्न : मला जुळे झाले. एक मुलगा नवव्या दिवशी गेला. दुसरा कक्षात आहे आणि बरा आहे. सगळे म्हणतात, याच्यासाठी हसत राहा, गात राहा. तोंड उघडले की रडू येते. माझ्या रडण्याचा त्याला त्रास होत असेल का? — एक आई

उत्तर : तुमच्या रडण्याने त्याला इजा होत नाही. हसण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू नये, आणि ज्यांनी केली त्यांनी ती प्रेमानेच केली असली तरी ती बाजूला ठेवा. संगीतोपचार हा शब्द ऐकून लोकांच्या डोळ्यांपुढे आनंदी अंगाई येते. या कामातले उपचारक मात्र अनेकदा अशा आई-वडिलांबरोबर बसतात ज्यांना गाता येत नाही, आणि ते प्रथम त्यांचे ऐकतात. अंगाई मुळात दमलेल्या, काळजीत बुडालेल्या बायकांनीच गायली आहे. आपल्या ओव्यांत सासरचा जाच आहे, माहेरची ओढ आहे, गेलेल्या माणसाची आठवणही आहे, आणि मांडीवरची मुले ते ऐकत झोपी गेली आहेत.

गाणे येत नसेल तर त्याला छातीशी घेऊन नुसता श्वास सोडताना ‘हं’ असा एक लांब स्वर काढा. रडू आले तर येऊ द्या. हुंदका मोठा होऊन त्याचा श्वास बिघडतो आहे असे वाटले तर सिस्टरांना बोलवा आणि थोडा वेळ बाहेर बसा, ती हार नव्हे. गेलेल्या मुलाचे नाव याच्यापाशी उच्चारावेसे वाटले तर जरूर उच्चारा. पोटात ते दोघे एकमेकांना खेटूनच वाढले होते.

झोप अजिबात लागत नसेल, बाळाकडे पाहण्याची इच्छाच उरली नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर आजच तुमच्या डॉक्टरांना हे अशाच शब्दांत सांगा. १४४१६ या टेली मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते. आणि पुढच्या भेटीत कक्षातल्या सिस्टरांना एवढेच सांगा की आज मी गाणार नाही, मला फक्त त्याला घेऊन बसायचे आहे. खुर्ची कोपऱ्यातली, भिंतीकडे तोंड असलेली मागून घ्या, आणि वेळ संपत आली की उठवण्याआधी खांद्यावर हात ठेवून हळूच सांगायला सांगा.